अरुंद वाटेचा हर्निया

जांघेत सुपारीएवढी गाठ असलेली सत्तर वर्षांची कृश बाई आणि अंडकोशात नारळाएवढा हर्निया घेऊन वीस वर्षं शेतात राबणारा गडी, दोघं एकाच दिवशी सर्जनच्या दारात आले, तर शस्त्रक्रियेची पहिली तारीख कोणाला मिळेल? बघणारे त्या गड्याकडे बोट दाखवतील. अनुभवी सर्जन मात्र त्या बाईला आधी घेईल. हर्नियाचा धोका गाठीच्या आकारावर ठरत नाही. आतडं ज्या वाटेने बाहेर आलं ती वाट किती अरुंद आणि किती ताठर, यावर तो ठरतो. ही एक गोष्ट पक्की समजली की हर्नियाचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत. प्रत्येक प्रकार असा का वागतो, ते आपोआप उलगडतं.

पोटाची पुढची भिंत स्नायूंच्या आणि चिवट पडद्यांच्या थरांनी बनलेली असते. सगळीकडे ती सारखी मजबूत नसते. जिथून रक्तवाहिन्या पायात उतरतात, जिथून गर्भावस्थेत वृषण खाली सरकलं, जिथे नाळ जोडलेली होती, अशा जागा जन्मतःच कच्च्या असतात. शस्त्रक्रियेची चीर त्यांत भर घालते. आतून दाब वाढला की पोटाचं पातळ अस्तर या कच्च्या जागेतून पिशवीसारखं बाहेर येतं आणि त्या पिशवीत आतडं किंवा आतड्यांवरचा चरबीचा पडदा शिरतो. मराठीत याला अंतर्गळ म्हणतात, आणि खेड्यापाड्यांत ‘आतडं उतरलं’ असं सरळ सांगतात. पिशवी भिंतीतून जिथे बाहेर पडते त्या चिंचोळ्या भागाला सर्जन मान म्हणतात. सगळी कहाणी या मानेपाशी घडते.

दाब वाढवणारी कारणं रोजच्या जगण्यातली आहेत: वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठात कुंथणं, वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करावा लागणं, गरोदरपणं, लठ्ठपणा, यकृताच्या आजारात पोटात साठणारं पाणी. वजन उचलल्यावर गाठ दिसली म्हणून दोष त्या एका पोत्याला दिला जातो, पण भिंत बहुधा आधीच कमजोर झालेली असते. विशेषतः साठीनंतर हर्निया नव्याने दिसला, तर खोकला, लघवी आणि शौचाची चौकशी झालीच पाहिजे. कधीकधी हर्निया हा आत दडलेल्या दुसऱ्या आजाराचा निरोप असतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने शौचाला जोर करावा लागत असेल, तर नुसती गाठ शिवून काय साधणार?

लक्षणं बहुतेक प्रकारांत सारखीच सुरू होतात. उभं राहिलं, खोकललं, जोर केला की फुगवटा दिसतो आणि आडवं झालं की नाहीसा होतो. बोट ठेवून रुग्णाला खोकायला सांगितलं तर बोटाला ठोसा जाणवतो. आत आतडं असेल तर गाठ मऊ लागते आणि परत जाताना गुडगुडते. चरबीचा पडदा असेल तर ती पिठूळ, गाठाळ लागते. दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी जड वाटतं, ओढ लागते. दुखणं असेलच असं मात्र नाही, आणि इथेच घात होतो. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. तपासणी उभ्याने व्हायला हवी, हेही रुग्णाने लक्षात ठेवावं. टेबलावर झोपवून घाईत पाहिलं, तर हर्निया आत गेलेला असतो आणि कागदावर ‘काही नाही’ असं लिहून मिळतं.

सर्वांत जास्त आढळतो तो जांघेतला, म्हणजे इंग्वायनल हर्निया. पोटाच्या भिंतीच्या सगळ्या हर्नियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश याच प्रकारचे असतात. पुरुषांमध्ये आयुष्यभरात तो होण्याची शक्यता सुमारे 27 टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे 3 टक्के. एवढा फरक पडतो तो वृषणांच्या प्रवासामुळे. गर्भात वृषणं मूत्रपिंडांच्या आसपास तयार होतात आणि जन्माआधी जांघेतून अंडकोशात उतरतात. उतरताना पोटाच्या अस्तराचा एक पदर सोबत येतो. तो पुढे मिटायला हवा. मिटला नाही तर पोटापासून अंडकोशापर्यंत उघडी वाट राहते. उजवं वृषण डाव्याच्या मागून उतरतं, म्हणून लहान मुलांत उजव्या बाजूचा हर्निया जास्त दिसतो.

या जुन्या वाटेने, सुमारे चार सेंटिमीटरच्या तिरक्या बोगद्यातून उतरणारा हर्निया हा इंग्वायनलचा पहिला उपप्रकार. तो बाळापासून वृद्धापर्यंत कोणालाही होतो आणि अंडकोशापर्यंत पोचू शकतो. दुसरा उपप्रकार थेट भिंत ढकलून पुढे येतो. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रान्झ हेसलबाख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिकोणी जागेतून तो येतो. उतारवयातल्या पुरुषांत, पुष्कळदा दोन्ही बाजूंना तो दिसतो. त्याचं तोंड रुंद असतं, आडवं होताच तो सहज आत जातो, अंडकोशात क्वचितच उतरतो आणि क्वचितच अडकतो. पहिल्याची मान आतल्या कड्यापाशी आवळलेली असते, म्हणून अडकण्याचा धोका त्यात अधिक. पूर्वी विद्यार्थ्यांना हा फरक बोटाने ओळखायला लावत. त्या चाचण्या फारशा विश्वासार्ह नाहीत आणि दोन्हींची शस्त्रक्रिया मोठ्या माणसात जवळजवळ एकच असते, त्यामुळे हल्ली सर्जन त्यावर अडून बसत नाहीत.

अंडकोशातली प्रत्येक सूज हर्निया नसते. वृषणाभोवती पाणी साठून होणारी अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील, पुष्कळदा हर्निया समजली जाते आणि उलटही घडतं. पूर्व विदर्भात अंडवृद्धी घडवणाऱ्या हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असल्याने तिथे हा गोंधळ नेहमीचा. ओळखायची खूण सोपी आहे. अंडवृद्धीत सुजेच्या वरच्या टोकाला बोटांची चिमूट पोचते, कारण सूज अंडकोशातच संपते. हर्नियात पोचत नाही, कारण ती वर पोटात गेलेली असते. अंधारात टॉर्च लावली तर पाण्याची सूज लालसर उजळते. तान्ह्या बाळात मात्र आतड्याची भिंत इतकी पातळ असते की हर्नियाही उजळू शकतो, म्हणून तिथे टॉर्चवर निवाडा देऊ नये.

तान्ह्या बाळाचा जांघेतला हर्निया आईला सर्वांत आधी दिसतो. बाळ रडलं की जांघेत फुगवटा, शांत झालं की नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत तो नाहीसा झालेला असतो, म्हणून फुगलेला असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सर्जनला तो मोठा पुरावा ठरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. मुलींमध्ये कधी त्या पिशवीत अंडाशय सापडतं. हा हर्निया वयाबरोबर बरा होत नाही आणि पहिल्या वर्षात अडकण्याची भीती सर्वाधिक असते. ‘मोठा झाला की करू’ हा आजीचा सल्ला इथे चुकीचा आहे. शस्त्रक्रियाही छोटी असते: पिशवी मुळाशी बांधून टाकायची, जाळी नाही, भिंत शिवणं नाही.

आता त्या कृश बाईकडे येऊ. तिचा हर्निया जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला असतो. त्याला फेमोरल म्हणतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या आतल्या बाजूला सव्वा सेंटिमीटर लांबीची एक पोकळी असते, तिच्यातून तो डोकावतो. तिच्या तोंडाशी एका बाजूला धारदार, न ताणणारा अस्थिबंध आणि मागे हाड. आतडं शिरलं की परतायला जागा नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा जास्त होतो, कारण त्यांचं ओटीपोट रुंद असतं आणि बाळंतपणांनी तिथले आधार सैल पडतात. तरी स्त्रियांतही जांघेतलाच हर्निया अधिक आढळतो, हे विसरू नये. दोन्ही ओळखण्यासाठी पुढे जघनास्थीवरचा छोटा उंचवटा चाचपतात. गाठ त्याच्या वर आणि आतल्या बाजूला असेल तर इंग्वायनल, खाली आणि बाहेरच्या बाजूला असेल तर फेमोरल.

1991 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त आलेल्या एका अभ्यासाने या फरकाला आकडे दिले. जांघेतल्या हर्नियाचा रक्तपुरवठा तुटण्याची शक्यता तीन महिन्यांत 2.8 टक्के, दोन वर्षांत 4.5 टक्के. फेमोरलमध्ये तीन महिन्यांतच 22 टक्के आणि एकवीस महिन्यांत 45 टक्के. गाठ लहान, अनेकदा आत न जाणारी, खोकल्याचा ठोसाही न देणारी. त्यामुळे ती लसिकाग्रंथी किंवा चरबीची गाठ समजली जाते. शिवाय जागा अशी की बाई ती कोणाला दाखवत नाही. पुढे उलट्या सुरू होतात, पोट फुगतं, आणि तिला पित्ताच्या गोळ्या मिळत राहतात. वयस्क स्त्रीला उलट्या होऊन पोट फुगलं असेल, तर दोन्ही जांघा उघड्या करून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं कोणत्याही डॉक्टरने म्हणू नये. लाजेपायी जीव जाऊ देणं हा आपल्या समाजाचा दोष आहे आणि तो घालवणं डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या हातात आहे.

या अरुंद वाटेत आणखी एक फसवा प्रकार घडतो. आतड्याची पूर्ण नळी न अडकता भिंतीचा एक कडेचा भागच चिमटीत सापडतो. जर्मन सर्जन ऑगस्ट गॉटलीब रिश्टर यांनी अठराव्या शतकात त्याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. नळी उघडी असल्याने शौच आणि वारा सरत राहतो. रुग्ण आणि डॉक्टर दोघंही निर्धास्त, आणि इकडे अडकलेला तुकडा सडत जातो.

बेंबीच्या हर्नियात बाळ आणि मोठं माणूस यांचे नियम अगदी उलटे आहेत. बाळाची बेंबी फुगून बाहेर येते, रडताना अधिकच. नाळेची जागा घट्ट मिटायला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक मुलांत चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत ती आपोआप मिटते आणि तोवर आतडं अडकणं फार दुर्मीळ. आपल्याकडे बेंबीवर रुपयाचं नाणं ठेवून पट्टा बांधण्याची रीत आहे. त्याने भोक लवकर मिटत नाही. त्वचा ओलसर राहून चिघळते, जंतुसंसर्ग होतो. नाणं काढावं आणि वाट पाहावी.

मोठ्या माणसात बेंबीजवळचा हर्निया आपोआप मिटत नाही. अनेक बाळंतपणं झालेल्या स्थूल स्त्रिया, पोटात पाणी साठलेले यकृताचे रुग्ण यांच्यात तो दिसतो. भोक एखाद-दोन सेंटिमीटरचं आणि बाहेर आलेला ऐवज मोठा, म्हणजे पुन्हा अरुंद मान. इंग्लंडची राणी कॅरोलाइन, दुसऱ्या जॉर्जची पत्नी, याच हर्नियाने गेली. 1724 मध्ये शेवटच्या मुलीच्या बाळंतपणात तो झाला आणि तिने तेरा वर्षं तो लपवून ठेवला. नोव्हेंबर 1737 मध्ये पोटात असह्य कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हाही ती बोलली नाही. वैद्य पोटशूळ समजून औषधं देत राहिले. शेवटी राजानेच सर्जनांना खरं सांगितलं. उशीर झाला होता. आतडं फुटलं आणि 20 नोव्हेंबरला तिचा मृत्यू झाला. त्याच राजाचे सर्जन क्लॉडियस अमियांड यांनी दोनच वर्षं आधी, 1735 मध्ये, लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जांघेतला हर्निया उघडला होता. आत टाचणीने भोक पडलेलं अपेंडिक्स सापडलं. भुलीचं औषध नसलेल्या त्या काळात त्यांनी ते काढलं आणि मुलगा वाचला. अपेंडिक्स काढून रुग्ण बरा झाल्याची ती पहिली नोंद. म्हणजे त्या दरबाराजवळ कसबी हात होता, फक्त त्याला वेळेवर कळवलं गेलं नाही.

बेंबीच्या वर, छातीच्या हाडापर्यंतच्या मधल्या रेषेत एपिगॅस्ट्रिक हर्निया होतो. भोक बारीक, त्यातून येते ती बहुतेक नुसती चरबी. वाटाण्याएवढी गाठ खूप दुखते. जेवणानंतर दुखत असल्याने अल्सर समजून कित्येक जण वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खातात. आडवं झोपून ती गाठ सापडत नाही, उभ्याने बोट फिरवल्यावर सापडते.

शस्त्रक्रियेच्या व्रणातून होणारा इन्सिजनल हर्निया आता वाढत्या संख्येने दिसतो, कारण पोटाच्या शस्त्रक्रियाच वाढल्या आहेत. पोटाच्या मधोमध उभी चीर घेतल्यावर दर शंभरातल्या दहा ते पंधरा जणांना तो होतो. जखमेत पू होणं, लठ्ठपणा, मधुमेह, तंबाखू, शस्त्रक्रियेनंतरचा खोकला ही त्याची कारणं. टाके कसे घातले यानेही फरक पडतो. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत बारीक, जवळजवळ टाके घातलेल्यांपैकी 13 टक्के रुग्णांना वर्षभरात हर्निया झाला. मोठे, लांब अंतराचे टाके घातलेल्यांत हे प्रमाण 21 टक्के होतं. हा हर्निया पसरट असतो, त्वचा पातळ पडते आणि आतड्याची हालचाल वरून दिसते. तोंड रुंद असल्याने तो लगेच अडकत नाही, पण वाढतच जातो, आणि जितका वाढेल तितकी दुरुस्ती अवघड.

दुर्मीळ प्रकारांपैकी दोन तरी माहीत असावेत. बेंबीच्या खाली, पोटाच्या उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेला स्पायजेलियन हर्निया होतो. तो बाहेरच्या स्नायूच्या थराखाली दबून राहतो, म्हणून फुगवटा दिसत नाही, नुसतं एका जागी दुखतं. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्येच तो सापडतो. दुसरा ऑब्च्युरेटर हर्निया ओटीपोटाच्या हाडातल्या छिद्रातून मांडीत शिरतो. अतिशय कृश, वृद्ध स्त्रियांत तो होतो, कारण त्या छिद्रातली चरबीची गादी झिजलेली असते. गाठ हाताला लागतच नाही. मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत जाणारी कळ आणि आतडं अडल्याची लक्षणं एवढंच हाती असतं. गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो आणि पोटाकडे कोणी पाहत नाही.

छातीच्या पडद्यातून जठर वर सरकणारा हायटस हर्निया पोटाच्या भिंतीचा नाही. त्याची जळजळ आणि आंबट ढेकर हा वेगळा विषय, तो इथे मिसळू नये.

हर्निया बिघडतो त्या पायऱ्या अशा. आधी गाठ आत जायची थांबते. मग आतड्याची वाट बंद होते: कळा, उलट्या, फुगलेलं पोट, शौच आणि वारा दोन्ही बंद. शेवटी मानेपाशी आवळून रक्तपुरवठा तुटतो. गाठ ताठ आणि दुखरी होते, खोकल्याचा ठोसा नाहीसा होतो, वरची त्वचा लाल पडते, ताप येतो, नाडी वेगाने चालते. कधी कळा अचानक थांबून बरं वाटतं, तेव्हा आतडं मेलेलं असू शकतं. रक्त तुटल्यापासून आतड्याच्या हातात काही तासच असतात. त्या वेळी गाठ चोळणं, जोराने आत ढकलणं, मालिश, एरंडेल, शेक हे सगळं घातक आहे. जोराने ढकलल्यास अडकलेली पिशवी तशीच मानेसकट आत जाते आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. काही न खाता-पिता, शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. औषध दुकानातला हर्नियाचा पट्टा हा इलाज नाही. तो मान रुंद करत नाही, वाट बंद करत नाही, आणि फेमोरलमध्ये तर तो लावूच नये.

प्रत्येक हर्नियाला लगेच शस्त्रक्रिया हवी का? अमेरिकेत 720 पुरुषांवर झालेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असं दिसलं की फारसा त्रास न देणारा जांघेतला हर्निया असलेल्या पुरुषाने वाट पाहिली, तरी तातडीने अडकण्याचं प्रमाण हजार रुग्णांत वर्षाला दोनाहूनही कमी असतं. त्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनी दहा वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली, बहुतेकांनी वाढत्या दुखण्यामुळे. तेव्हा वाट पाहणं चूक नाही, पण ते पुरुषांपुरतं आणि जांघेपुरतं. स्त्रियांच्या जांघेतली गाठ फेमोरल निघण्याची शक्यता असल्याने तिथे वाट पाहू नये. स्त्रियांसाठी दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेची शिफारस याच कारणाने होते. आतून जाळी बसवली की जांघेची आणि मांडीची, दोन्ही वाटा एकदम झाकल्या जातात.

दुरुस्तीचा आधुनिक इतिहास इटलीतल्या पाडुआत सुरू होतो. एदोआर्दो बासिनी यांना 1867 मध्ये रोमजवळच्या लढाईत जांघेतच संगिनीची जखम झाली होती. पुढे 1880च्या दशकात त्यांनी बोगद्याची मागची भिंत थरांनी शिवण्याची पद्धत बसवली. शतकभर तीच चालली. तिच्यात ऊती ताणून शिवाव्या लागत, म्हणून लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिचेनस्टाइन यांनी ताण न देता कृत्रिम जाळी ठेवण्याची पद्धत रूढ केली. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी वेगळी वाट काढली. रुग्णाच्याच पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पडद्याची एक पट्टी वापरून मागची भिंत बळकट करायची, जाळी नको. 2001 मध्ये त्यांनी ती मांडली. पोलंडमधल्या 208 रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांनंतर जाळीच्या आणि देसरडांच्या पद्धतींत हर्निया परत येण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यापुढचा प्रश्न पैशाचा होता. आयात जाळी खेड्यातल्या मजुराला परवडत नव्हती. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि इतर सर्जनांना सोबत घेऊन 359 हर्नियांचा अनुभव 2003 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापला. तेरा वर्षांनी युगांडात 302 पुरुषांवर झालेली काटेकोर चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. वर्षभरानंतर महागडी जाळी आणि मच्छरदाणीची जाळी यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. एका छोट्या गावातून निघालेली ही कल्पना मला महाराष्ट्राच्या वैद्यकातल्या फार मोलाच्या गोष्टींपैकी एक वाटते. मात्र कोणतीही मच्छरदाणी चालत नाही. कीटकनाशक लावलेली तर नाहीच. पॉलिइथिलीनचं हे कापड 121 अंशांच्या वाफेवर निर्जंतुक होतं, पण नेहमीच्या 134 अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये ते आकसून बिघडतं.